जिता माणूस पाहिजे

सौंसरात सुचिताताईबद्दल असं म्हणतात, की तिनं ज्याचं चित्र काढलं तो आठ दिवसांत मरतो. आठ म्हणजे आठच. नवव्या दिवशी मेलेला माणूस तिच्या खात्यात धरत नाहीत. बाजारात भाजी विकणारी शकुंतलाबाई हे सांगताना आधी पदर तोंडावर घेते, दोन्ही बाजूंना पाहते आणि मग अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशी कुजबुजते, "पोट्टी चांगली हाय व, पण हात वाईट हाय तिचा." विनोद न्हावी हेच वस्तरा गळ्यावर थांबवून सांगतो, म्हणजे गिऱ्हाईकाला हो म्हणण्यावाचून इलाज राहत नाही. शाळेत मी दोघांच्याही आवाजात सांगून पाहिलं आहे. विनोदचा आवाज जास्त चालला.

खरं एवढंच, की ताई मेलेल्यांची चित्रं काढते. माणूस आधी मरतो, ताई मागून येते.

स्वतःच्या चित्रासाठी जिवंतपणी तिच्यासमोर बसलेला माणूस एकच, भैय्याजी. पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या साठीला मुलांनी ताईला बोलावलं, भैय्याजींना फेटा बांधून खुर्चीवर बसवलं आणि दार झाकेल एवढं चित्र काढून घेतलं. सातव्या दिवशी भैय्याजी गेले. त्यांच्या पोटात काय वाढून राहिलंय हे नागपूरच्या डॉक्टरनं मुलांना महिनाभर आधीच सांगितलं होतं. हार घालायला चांगलं चित्र हवं म्हणून साठीचं निमित्त काढलं होतं. ताईला हे तेरवीच्या पंगतीत समजलं. तोपर्यंत थोरला मुलगा येईल त्याला सांगत होता, "बाबूजी तं चांगले खात-पीत होते. चित्रात बसले अन् गेले." त्याला तेच सोयीचं होतं. नाहीतर लोकांनी विचारलं असतं, दवाखान्यात काहून नाही नेलं?

तर ही सुचिता दादाराव सोमकुंवर. वय अठ्ठावीस, आमच्या घरापासून तिसरं घर. तिचे वडील दादाराव काका नगरपालिकेत नळ सोडायचे आणि उरलेल्या वेळात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सौंसरातल्या जुन्या पाट्यांवरचा 'र' जरा वाकलेला दिसला तर तो काकांचा समजावा. मग फ्लेक्स आले. काकांचे ब्रश डब्यात वाळून लाकूड झाले, त्यातले दोन-चार ताईनं रॉकेलमध्ये बुडवून मऊ केले.

तिची आई प्रमिलाकाकू बोरगावकडच्या बगीच्यांत संत्री तोडायला जायची. ताई बारावीत असताना ती गेली आणि घरात शोधाशोध झाली तर तिचा एक फोटो नाही. मतदार कार्डावर होता, पण तो फोटो नव्हता, पदर घेतलेला काळा डाग होता. ताईनं मावशीला समोर बसवून कपाळ घेतलं, आरशात पाहून स्वतःची हनुवटी घेतली, मामाचे कान घेतले आणि आई काढली. काकांनी चित्र पाहिलं आणि ड्युटीवर गेले. त्या दिवशी आमच्या वॉर्डात नळ दोन तास चालू राहिला, बाया पाण्याचे गुंड भरून भरून थकल्या. चित्र बरोबर जमलं होतं हे आम्हाला त्यावरून समजलं.

मग लोक यायला लागले. आमच्याकडं शेतावर राबून मेलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा फोटोच नसतो. तेरवीला पाटावर ठेवायला काही नाही, तर नातेवाईक ताईकडं. "आमचाही बाबा काढून दे न व." ताई त्यांच्या घरी जायची, सगळ्यांना ओट्यावर ओळीनं बसवायची आणि कोणाकडून काय घ्यायचं ते ठरवायची. भांडणं तिथंच सुरू व्हायची. मेलेला माणूस आपल्यासारखा दिसावा असं प्रत्येकाला वाटतं. बोरगावचे दोन भाऊ वाटणीवरून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांचंही म्हणणं होतं की बाबाचं नाक हुबेहूब माझ्यासारखं. ताईनं एकाचं नाक घेतलं, दुसऱ्याची जिवणी घेतली. दोघंही नाराज झाले, म्हणजे काम ठीक झालं. चहा तिला बऱ्याच घरी वेगळ्या कपात मिळायचा. ज्या हातानं तुमचा बाप काढला त्या हाताला तुमचा कप चालत नाही, असं ती कधी म्हणाली नाही. मी म्हटलं असतं.

डोळे ती शेवटी काढायची आणि ते कोणाचे घ्यायची नाही. एकेकाला विचारायची, तुमच्यावर चिडले की कसे पाहत होते? लोक सांगता सांगता तसे पाहायला लागत. तेवढं ती उचलायची. डोळे झाले की घरचे सगळे समोर येऊन उभे राहत आणि म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी म्हणे, "हो. हाच." मगच हार.

याच कामावर तिनं एम.एफ.ए. करायचं ठरवलं. बी.एफ.ए. आधीच झालं होतं. नागपूरचं कॉलेज, सकाळी साडेपाचची बस, परत यायला अंधार. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर तिथं एका नव्या खासगी शाळेत चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. संचालकांनी ताईचं काम पाहून तोंडी सांगितलं होतं, जूनअखेर एम.एफ.ए.चा निकाल आणून दाखवा, जागा तुमची. ताईला ती जागा किती हवी होती हे मला माहीत आहे, कारण ती एरवी स्वतःबद्दल बोलत नाही आणि हे मात्र दोनदा बोलली. "दहा वर्षं मेलेले काढले, अमिता. आता मले पोट्ट्यांना सफरचंद शिकवाचं हाय. साधं, लाल. ज्याले पाहून कोणी रडत नाही."

कॉलेजात तिचे गाइड गजेंद्र सर. सर प्रत्येक वाक्य "बघा, बेसिकली" असं सुरू करतात आणि 'बेसिकली'नंतर एवढं थांबतात की समोरच्याला वाटावं वाक्य संपलं. ताईचा विषय ऐकून ते म्हणाले होते, बेसिकली हे ऑर्डरचं काम आहे, यात कला कुठं? सहा महिने विषय अडकून राहिला. मग ताईनं नाव बदललं. 'सौंसर-पांढुर्णा परिसरातील अनुपस्थित चेहऱ्यांचे व्यक्तिचित्रण'. नाव जड झालं, विषय पास झाला.

मे महिन्यात शेवटचं प्रदर्शन आणि तोंडी परीक्षा. ताईला अकरा चित्रं लागणार होती आणि ती सगळी लोकांच्या भिंतींवर. तिनं घरोघर जाऊन मागून आणली. मोहगावच्या जयवंताबाई स्वतः नवऱ्याचं चित्र घेऊन बसस्टँडवर आल्या, ताईच्या हाती देण्याआधी चित्राच्या कपाळावरचं कुंकू पदरानं नीट केलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "नागपूर पाहून या. दम लागला तं बसून घ्याजा." बसमधले लोक हसले. जयवंताबाई हसल्या नाहीत. त्यांचा नवरा जन्मात नागपूरला गेला नव्हता.

मला सुट्ट्या होत्या आणि नागपूरला मावशी आहे, म्हणून मीही त्या बसमध्ये होते. ही अकरा मेलेली माणसं साड्यांमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर उभी ठेवलेली, आणि कंडक्टरला कळेना की त्यांना सामान धरायचं की सवारी.

ताईच्या शेजारच्या खोलीत शुभम नावाच्या मुलाचं काम मांडलं होतं. नागपूरचाच मुलगा. त्यानं फरशीवर संत्र्यांचा ढीग घातला होता, सडका, वर माशा, आणि त्याला 'पीक' असं नाव दिलं होतं. ती संत्री त्याला पंधरा दिवस आधी ताईनंच सौंसरहून बसमध्ये घालून आणून दिली होती. तेव्हा चांगली होती. आमच्या घरी कोणी एवढी संत्री सडू दिली असती तर आईनं घराबाहेर काढलं असतं, पण परीक्षक त्या ढिगासमोर हात मागं बांधून दहा मिनिटं उभे राहिले आणि माशी नाकावर बसली तरी उडवली नाही.

परीक्षक मोठ्या शहरातून आले होते. पांढरी दाढी, खादीचा झब्बा, आवाज असा की प्रत्येक शब्द आधी चाखून मग बाहेर सोडत होते. ताईच्या खोलीत ते दोन मिनिटांत अकरा माणसांसमोरून फिरले आणि विचारलं, संदर्भ काय? म्हणजे फोटो, रेखाटनं, काय समोर होतं? ताई म्हणाली, घरचे लोक. मग हा माणूस असाच होता हे कशावरून? ताई म्हणाली, घरच्यांनी हो म्हटलं.

परीक्षक हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसे.

"अहो, घरचे दुःखात असतात. त्या वेळी त्यांना कोणीही चालतो."

मी जयवंताबाईंच्या नवऱ्याकडं पाहत होते. त्याच्या कपाळावर कुंकू तसंच होतं.

निकाल असा झाला, की सादृश्य सिद्ध होत नाही. सादृश्य म्हणजे चित्र त्या माणसासारखं दिसतं की नाही ते. पाच आठवडे देतो, एक जिवंत माणूस काढून आणा. त्याच परिसरातला हवा, कारण विषय तोच आहे. आणि त्या माणसालाही बरोबर आणा, दोघांना शेजारी उभं करून पाहू. स्वतःचा चेहरा चालणार नाही. गजेंद्र सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, बघा, बेसिकली... आणि या वेळी खरंच पुढं काही नव्हतं. शुभमला विशेष प्रावीण्य मिळालं. शिपायानं सडकी संत्री खोऱ्यानं पोत्यात भरली.

एक जिवंत माणूस. सौंसर तहसिलीत लाख-दीड लाख तरी असतील.

ताईनं आधी विनोद न्हाव्याला विचारलं, कारण त्याचा चेहरा रेषांना चांगला आहे. विनोद म्हणाला, माझं लग्न होऊ दे ताई, मग काढ, आधी काढलं तर पोरगी कोण देईल. शकुंतलाबाईंनी विचारण्याआधीच वांगी तोलायला घेतली आणि तोलतच राहिल्या. शाळेच्या मास्तरांनी दोन्ही हात जोडले आणि विज्ञानावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे असं सांगितलं, पण घरी बायको ऐकत नाही. सगळ्यांत भारी निघाला पांढुर्ण्याचा वीरेंद्र. हा माणूस दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, दोन गावांच्या दगडफेकीत, सगळ्यांच्या पुढं, जाम नदीच्या पाण्यात उभा राहतो. कपाळावर नऊ टाके, एक दात अर्धा, आणि हे तो आधार कार्डासारखं सगळ्यांना दाखवतो. ताईनं विचारलं तर म्हणाला, "दगडाचं काय, तो इकडून येते, तिकडून जाते. हे असं नेम धरून समोर बसाचं काम आपल्याच्यानं नाही होत." मी त्याची नक्कल ताईला करून दाखवली, अर्धा दात आणि सगळं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, बारा लोक झाले, अमिता.

तीन आठवडे ती हेच करून राहिली होती. विचारायचं, नाही ऐकायचं, घरी येऊन पांढऱ्या कॅनव्हाससमोर बसायचं.

राहिले दादाराव काका.

मला वाटत होतं, तिनं आधीच काकांना का नाही विचारलं? काका दर रविवारी विहारात बोलतात. अंधश्रद्धेवर त्यांचं भाषण मला तोंडपाठ आहे, कुठं पाणी पितात त्यासकट. लिंबू-मिरची बांधणाऱ्या ट्रकवाल्याला त्यांनी रस्त्यात थांबवून अर्धा तास समजावलेलं मी पाहिलं आहे. मग ताई त्यांना सोडून न्हाव्याला का विचारत फिरली, हे मला त्या दुपारी समजलं. मी त्यांच्याकडं वाटी परत द्यायला गेले होते. काका ओट्यावर रेडिओ उघडून बसले होते.

ताई म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच राहिले."

काका म्हणाले, माझं काय काढतेस, म्हाताऱ्याचं, एखादा चांगला चेहरा पाहा न. मग म्हणाले, दाढी वाढली आहे. ताई म्हणाली, दाढी काढून या. मग म्हणाले, पाठ दुखते, एवढा वेळ बसवत नाही. ताई म्हणाली, खाटेवर बसा, टेकून बसा. मग काका रेडिओतला एक बारीक स्क्रू काढून तळहातावर घेऊन त्याच्याकडं पाहत बसले.

"बाबा, तुम्ही तरी."

"पुढच्या आठवड्यात पाहू, बाई," काका म्हणाले. "मी कुठं नाही म्हटलं?"

ताई आत गेली. काका मला म्हणाले, वाटी ठेव तिथं. स्क्रू त्यांच्या तळहातावरून खाली पडला. आम्ही दोघांनी तो शोधला, सापडला नाही. काकांची नक्कल मी त्यानंतर केली नाही. ती जमत नाही असं नाही.

मी आत गेले. ताई ब्रश पुसत होती, स्वच्छ ब्रश. मी म्हटलं, "मी बसते न. मले काय भेव हाय? मी तं अफवा सांगणाऱ्यायची नक्कल करते."

"तू बसशील," ताई म्हणाली. "पण डोळ्यांपर्यंत टिकणार नाही."

"लाव पैज."

"काय लावतं?"

"बसस्टँडचे पोहे. तर्री मारके."

"ठीक हाय," ती म्हणाली, आणि मला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं.

माझ्या आईला मी सांगितलं की गणिताचा क्लास लागला आहे. सहा दुपारी मी बसले. टिनाचं छत, पंखा गरम हवा फिरवून राहिलेला, टर्पेंटाइनच्या वासानं डोकं जड. ताई काम करताना वेगळीच दिसते, तोंड घट्ट आणि भुवई एकच वर. पहिल्या दोन दिवसांत नुसता तपकिरी रंग होता. तिसऱ्या दिवशी गाल आला. चौथ्या दिवशी ओठ आले आणि ते माझेच होते, काहीतरी बोलायच्या बेतात असलेले. मला एवढं छान वाटलं की मी विचारलं, माझं नाक असं आहे? ती म्हणाली, याहून वाईट आहे, मी दया केली. सहाव्या दिवशी तिनं सांगितलं की आता फक्त डोळे. गुरुवारी नागपूरला जायचं, तू आणि हे, दोघी. तिनं बसची वेळही सांगितली.

सातव्या दुपारी मी स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच कॅनव्हास माझ्या बाजूला वळलेला होता, उजेडासाठी. माझा चेहरा पूर्ण होता आणि डोळ्यांच्या जागी नुसती कातडी, सपाट, गुळगुळीत. ताईनं सगळ्यांत बारीक ब्रश घेतला, टोक ओठांत धरून सरळ केलं.

"इकडं पाय. माह्याकडं."

मी पाहिलं. मग मी शकुंतलाबाईंचा आवाज काढला, तिला हसवायला. ती हसली नाही. मग विनोदचा काढला. ती म्हणाली, तोंड बंद ठेव, डोळे हलतात. मी तोंड बंद ठेवलं. ब्रश कॅनव्हासला लागला तेव्हा मी मनात दिवस मोजायला लागले. आज रविवार. म्हणजे पुढच्या सोमवारी. हे मी मोजतेय हे मला कळत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

"ताई, माहा क्लास हाय."

"आज रविवार हाय."

"एक्स्ट्रा हाय."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग तिनं ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात सोडला आणि बोटं पुसली. थांब म्हणाली नाही. मी चप्पल हातात घेऊनच घरी आले.

सोमवारी गेले नाही, मंगळवारी डोकं दुखत होतं. बुधवारी संध्याकाळी ती किराणा दुकानात भेटली. मी एक युक्ती काढून ठेवली होती, ती सांगितली. म्हटलं, तू तर न पाहता लोकांचे डोळे काढतेस, माझेही आठवून काढ न, मी उद्या बरोबर येते नागपूरला, उभी राहते चित्राशेजारी.

ताईनं साबणाची वडी उचलली, वास घेतला, परत ठेवली.

"न पाहता मेलेल्यायचे काढते मी," ती म्हणाली. "जित्यानं समोर बसा लागते."

गुरुवारची बस गेली, ताई गेली नाही. निकालाच्या यादीत तिच्या नावापुढं 'अनुपस्थित' असं छापून आलं. जूनच्या शेवटी पांढुर्ण्याच्या शाळेनं जागा भरली. अकरा चित्रं ताईनं एकटीनं ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. कुठंतरी बाई विचारायची, काय म्हणाले नागपूरचे लोक? ताई सांगायची, चांगलं म्हणाले. तेवढ्यात बोरगावचे दोन भाऊ आणखी एक काम घेऊन आले, त्यांची आई गेली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ताई आमच्या दारात आली. आईनं तिला आत ये म्हटलं नाही आणि ती आलीही नाही. मला म्हणाली, चाल, हरली तू.

बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. पोहेवाल्यानं वरून तर्री ओतली, शेव टाकली, कांदा टाकला. मी माझ्या प्लेटमध्ये पाहत होते. ती खाताना माझ्याकडं पाहत होती, सरळ डोळ्यांकडं, काम करताना पाहते तशी, भुवई एकच वर. मला मान वर करता आली नाही. तिनं प्लेट संपवली, पोहेवाल्यापुढं धरली आणि म्हणाली, "आणखी एक दे, भाऊ, हिच्या नावावर." पैज एकाच प्लेटची होती, पण मी दोन प्लेटचे पैसे मोजले.